नाल्याकाठचं एकपान : प्रकल्प नोंदी

१३ ऑगस्ट

आज रानभाज्यांच्या याद्यांचं काम होतं. ग्रामसभेची लोकजैवविविधता नोंदवही तीन वर्षांपूर्वी घाईघाईत भरली होती. तिच्यात 'बांबू' आणि 'इतर वनस्पती' असे दोनच कप्पे नीट भरलेले आहेत, म्हणून यंदा परत लिहायला घेतली. वास्ते तोडायला निघालेल्या बायांच्या मागे मीही निघालो. गडचिरोलीच्या या उत्तर टोकाला बांबूच्या कोवळ्या कोंबांना वास्तेच म्हणतात. यादीतही तेच नाव लिहिलं.

नाल्याच्या वळणावर मानवेल बांबूचे तीन रांझे, म्हणजे बेटं, आहेत आणि त्यांच्या मधोमध एक मोठं जांभूळ. खाली कुजलेल्या पाल्याचा थर इतका की पाय घोट्यापर्यंत जातो. तिथे जमिनीतून एकेक पान वर आलेलं दिसलं. खोड नाही, दुसरं पान नाही, फूल नाही. वीतभर देठ आणि त्यावर बदामी आकाराचं हिरवं पान, कागदाचा पंखा उघडावा तशा चुण्या पडलेलं. आधी वाटलं रानअळूचं पिल्लू असेल. पण अळूचे असे थवे होत नाहीत आणि प्रत्येक देठावर एकच पान असा नेम तर नसतोच.

मोठीमाय सोबत होती. तिला विचारलं, हे काय?

"मी त लहानपनापासून पाह्यतो हे पान."

नाव काय याचं?

"नाव कायले पाहिजे? मानूस खात नाई, बकरी खात नाई, दवा नाई."

तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आहेत, त्यांना फोटो पाठवले. रात्री साडेनऊला उत्तर आलं : 'नर्व्हिलिया असावा. जमिनीवरचं ऑर्किड. फूल पाहिल्याशिवाय जात सांगणार नाही. उपटू नका.'

ऑर्किड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लग्नाच्या हॉलमधली जांभळी फुलं येतात. हे ऑर्किड असेल हे पटायला थोडा वेळ लागला.

१७ ऑगस्ट

मॅडमशी फोनवर अर्धा तास बोललो. जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

जमिनीत सुपारीएवढा किंवा त्याहून लहान पांढुरका कंद असतो. उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसावर त्यातून फुलाचा दांडा निघतो. तेव्हा पान नसतं. फुलं काही दिवसांत संपतात, दांडा वाळतो आणि मग पान येतं. ते पावसाळाभर कंदासाठी अन्न साठवतं आणि हिवाळ्याच्या तोंडाला जिरून जातं. उरलेले महिने जमिनीवर काहीच नाही.

म्हणजे पान आणि फूल एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. माझ्याकडे सध्या पान आहे. फुलासाठी दहा महिने थांबायचं.

नर्व्हिलिया हे नाव शिरांवरून पडलं, लॅटिनमध्ये 'नर्व्हस' म्हणजे शीर. १८२९ मध्ये गोदिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ते रूढ केलं. केरळात याच वंशातल्या एका जातीला ओरिलतामरा म्हणतात, अर्थ 'एकपानी कमळ'. तिकडे ते औषधात वापरतात. मोठीमायला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग तिकडच्यायले डोकं जास्त असंल."

नोंदवहीत तात्पुरतं नाव लिहिलं : एकपान.

२७ ऑगस्ट

मोजणी केली. बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट बांधून नेली होती. वळणावर एकूण ४३ पानं. सगळी सावलीत. जिथे दुपारचं ऊन थेट पडतं तिथे एकही नाही. नाल्याच्या पात्रापासून आठ पावलांच्या आत बहुतेक सगळी. माती काळी, भुसभुशीत, हाताला ओल लागते.

चौकट काखेत धरून गावातून परतताना दोघांनी विचारलं, कोंबड्यांसाठी का?

५ सप्टेंबर

दुसरी जागा सापडली, तीही चुकून. गावाच्या वरच्या अंगाला जुना आंबा आहे, त्याच्या बुडाशी बसून डबा खात होतो. शेजारी ११ पानं. पण ही वेगळी. देठ जवळपास नाहीच, पान जमिनीला टेकलेलं, रंग काळपट हिरवा, वर जांभळट झाक आणि बोट फिरवलं तर मऊ लव लागते. नाल्याकाठचं पान गुळगुळीत होतं.

फोटो पाठवले. मॅडमचं मत : लव असलेलं पान बहुधा नर्व्हिलिया प्लिकाटा. गुळगुळीत, उंच देठाचं ते जुन्या पुस्तकांतलं अरागोआना असू शकतं. हल्लीच्या याद्यांत त्याला कॉन्कलर म्हणतात. 'बहुधा' आणि 'असू शकतं' हे दोन्ही शब्द त्यांनी दोनदा उच्चारले.

म्हणजे एक नाही, दोन जाती. किंवा मला वाटतं तसं काहीच नाही.

१९ नोव्हेंबर

पानं पिवळी पडून आडवी झालीत. आठवड्याभरात खूणही राहणार नाही, म्हणून आज प्रत्येक पानाशेजारी बांबूची खुंटी ठोकली आणि तिला लाल कापडाची चिंधी बांधली. कापड बहिणीच्या लग्नाच्या मांडवातलं उरलेलं. नाल्यावर ४३, आंब्याखाली ११.

लाल रंग लांबून दिसतो, एवढाच विचार केला होता.

८ डिसेंबर

रानात पाहण्यासारखं काही नाही, पण आज एक वेगळं प्रकरण झालं. काकाजी शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाचं बांडगूळ काढत होते आणि त्या झपाट्यात रास्नाही खरवडून खाली टाकत होते. रास्ना म्हणजे वांडा टेसेलाटा. आमच्याकडे आंब्यामोहावर दिसतं, दुर्मिळ नाही. पण तेही ऑर्किडच.

"दोन्ही झाडाचं रक्तच पेतात," काकाजी म्हणाले.

मी दोन्हीची मुळं दाखवली. बांडगुळाचं मूळ फांदीच्या आत घुसतं, तिथे गाठ येते, फांदी पुढे वाळते. रास्नाचं मूळ सालीला नुसतं बिलगून असतं. वर पांढरं स्पंजासारखं आवरण, ते पावसाचं आणि दवाचं पाणी शोषतं. बाटलीतलं पाणी ओतलं तसं ते पांढरं मूळ हिरवट झालं. काकाजींनी ते दोनदा करून पाहिलं. मग बांडगूळ तेवढं काढलं आणि रास्ना ठेवलं. खाली पडलेली दोन झुडपं मी सुतळीने परत बांधली. जगतील का ते उन्हाळ्यात कळेल.

११ फेब्रुवारी

ग्रामसभा. विषय क्रमांक ६ : नाल्याकाठचा पट्टा न जाळणे. माझाच विषय. बोलायला पाच मिनिटं मिळाली.

आमच्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला सामूहिक वनहक्काचा पट्टा आहे. बांबू कधी तोडायचा, तेंदू कुठून तोडायचा हे आम्हीच ठरवतो. जवळच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला, ती गोष्ट इथे पोरासोरांना पाठ आहे. त्यामुळे ठराव करायला कोणाची परवानगी लागत नाही. लागतं ते लोकांचं मन.

मी म्हटलं, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतो, ती आग नाल्यापर्यंत उतरते. कंद दोन-चार बोटं खोल असतो, एखाद्या झटपट आगीतून वाचेलही. पण वरचा कुजका पाला गेला की ओल जाते आणि ओलीबरोबर बुरशीही जाते. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात स्वतःचं साठवलेलं अन्न नसतं. जमिनीतली ठराविक बुरशी त्याला अन्न पुरवेल तेव्हाच ते रुजतं. नोएल बेर्नार नावाच्या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये रुजणाऱ्या बियांत ही बुरशी पाहिली तोवर ऑर्किडचं बी हाताने रुजवणं माळ्यांना कोडंच होतं.

एक जण उठला. "उद्या म्हनशील पाचगावसारखा तेंदू बंद करा."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने खरंच तेंदूपत्ता तोडणं बंद केलं आणि बांबूवर भर दिला. पण आमच्याकडे सत्तर पानांचा एकेक पुडा बांधून घरं मे महिना काढतात, पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच येतात. मी घाईने म्हटलं, तेंदूचं नाव काढत नाही. फक्त नाल्याच्या दोन्ही बाजूंना वीस पावलं जाळायचं नाही आणि त्या तीन रांझ्यांमधला बांबू यंदा तोडायचा नाही.

"एका पानासाठी?"

दोन पानांसाठी, असं म्हणणार होतो. गप्प बसलो. ठराव झाला. हात किती वर झाले ते सचिवाने मोजलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

२६ मार्च

मोह सुरू. पहाटे चारपासून टोपल्या घेऊन लोक रानात. दुपारी वरच्या टेकडीवर धूर दिसला. वनरक्षक, मी आणि सहा-सात पोरं गेलो. पाठीवरच्या ब्लोअरने पाला बाजूला सारत जाळरेषा मोकळी केली, ओल्या फांद्यांनी झोडपलं. अडीच तास गेले. आग नाल्यापासून साधारण पन्नास पावलांवर थांबली.

कोणी लावली ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी सांगत नाही. मला त्याच्यावर राग धरता येत नाही. त्याचा मोह टेकडीवर आहे, ठराव नाल्याचा होता.

२४ एप्रिल

आजची नोंद लिहायला लाज वाटते.

महिन्यानंतर वळणावर गेलो तर खुंट्यांच्या मधोमध एक दगड उभा केलेला, त्याला शेंदूर. अगरबत्तीच्या काड्या, लिंबू, तांदूळ, नारळाच्या करवंट्या. लाल चिंध्या बांधलेल्या त्रेचाळीस खुंट्या पाहून कोणाला तरी वाटलं, इथे देव बसवलाय. मग चैत्र पौर्णिमेला कोणीतरी नारळ फोडला. मग दुसऱ्याने.

गंमत अशी की जानेवारीपासून त्या जागेत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. बांबू तोडणारेही वळसा घालून गेले. ठरावाने जे होईल की नाही याची मला खात्री नव्हती, ते चिंध्यांनी करून ठेवलं होतं. ते पाहून मला क्षणभर बरंच वाटलं.

पण खोबऱ्याच्या आणि तांदळाच्या वासावर रानडुकरं आली. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली. ४३ पैकी १८ खुंट्या उपटून पडल्या होत्या. मातीच्या ढेकळांत पांढरे कंद पडलेले, काही चावलेले, काही तसेच. कंद मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

अखंड कंद गोळा केले, १४ निघाले. त्याच मातीत तीन बोटं खोल ठेवले, वर पाला पसरला, नाल्याच्या डोहातलं पाणी शिंपडलं. मॅडमना फोन केला तेव्हा त्या आधी हसल्या, मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, या कंदांना आडवे धागे फुटून त्यांच्या टोकाला नवे कंद धरतात, त्यामुळे आशा सोडू नका.

दगड हलवायची हिंमत मला झाली नाही. गावातल्या पुजाऱ्याला घेऊन गेलो, त्याने हात जोडून तो आंब्यापलीकडच्या जुन्या देवाजवळ नेऊन ठेवला. खुंट्या काढल्या. आता बोअरच्या निळ्या पाइपचे बोटभर तुकडे जमिनीत रोवलेत. निळ्या पाइपाला कोणी शेंदूर लावणार नाही, असा अंदाज.

२८ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून चौथा दिवस. दुपारी चारला आभाळ भरून आलं, वादळ, विजा, मग तासभर पाऊस. अंगणात सरळ भिंतीचा डबा ठेवला होता, त्यात पट्टी घालून मोजलं तर ३१ मिलिमीटर. तेंदूची फळी, म्हणजे पानखरेदीची जागा, दोन दिवसांपूर्वी उठली होती, नाहीतर वाळत घातलेले पुडे भिजून आज गावात रडारड असती.

उद्यापासून रोज सकाळी चक्कर.

६ जून

फूल.

आंब्याखाली. पाल्यातून बोटभर उंचीचे तीन दांडे, प्रत्येकावर बरोबर दोन फुलं, एकमेकांकडे पाठ करून. पाकळ्या अरुंद, तपकिरीकडे झुकणाऱ्या हिरवट. मधली ओठासारखी पाकळी फिकट, गुलाबी-जांभळी झाक असलेली. आजूबाजूला पानाचा मागमूस नाही. उकिडवं बसून मोबाइल जमिनीला टेकवल्याशिवाय फोटो येत नाही. चाळीस फोटो काढले, पस्तीस हललेले.

एका दांड्यावर फुलांची जोडी आणि लव असलेलं पान : प्लिकाटा. मॅडमनी या वेळी 'बहुधा' म्हटलं नाही.

कालपर्यंत मी याच जागेवर रोज उभा राहून जात होतो. काल काही दिसलं नव्हतं, की होतं आणि मला दिसलं नाही, कोण जाणे. दुर्मिळ या शब्दाचा अर्थ मी आजवर 'कमी झाडं असलेलं' असा घ्यायचो. इथे अकरा झाडं आहेत, हे कमीच. पण वर्षातले आठ-दहा दिवस सोडले तर ती कोणाला ऑर्किड म्हणून दिसणारच नाहीत. आणि हे दिवस नेमके असे, की तेंदू संपलेला, पेरणी डोक्यावर, रानात कोणी नाही.

नाल्याच्या वळणावरही गेलो. उकरलेल्या जागी काहीच नव्हतं.

९ जून

फुलं मिटली. नाल्यावर अजून काही नाही. मृगाचा पाऊस जमून येतोय, उद्यापासून धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे आहेत. बाबांचा गुडघा धरला आहे, त्यामुळे मलाच धानाच्या बांधीत उतरावं लागेल. दोन-तीन दिवस चक्कर चुकेल.

२४ जून

दोन-तीन दिवसांचे पंधरा झाले.

आज नाल्यावर गेलो. उकरलेल्या जागेच्या कडेला, दगडाच्या आडोशाला, दोन दांडे उभे. वीतभराहून उंच, सरळ. एकावर सात, दुसऱ्यावर पाच बोंडं. बोंडं धरली की दांडा वाढतो, म्हणजे बी वाऱ्यावर जरा उंचावरून सुटतं. एक बोंड तडकलं होतं. बोट लावलं तर पिठासारखं काहीतरी नखावर आलं आणि फुंकर न मारताच उडालं.

म्हणजे फुलं येऊन गेली. मी बांधीत चिखलात होतो त्या दिवसांत.

घरी येऊन तोंड पाडून बसलो होतो तेव्हा मोठीमाय आली. तिला सांगितलं.

"थे होय? घुंगरासारखे, खाली मान घातलेले, हिरवे-पिवळे? मी त पाह्यले न. सात्या पाहाले गेलो होतो तवा."

सात्या म्हणजे पहिल्या पावसावर वारुळापाशी येणारी अळंबी. तिच्यासाठी बाया भर पेरणीतही रानात जातात, हे मला सुचायला हवं होतं.

मोठीमाय, मग सांगितलं का नाही? वर्षभर मी त्याच्याच मागे आहे!

"तू पानाच्या मागं होता बाबू. त्या फुलाले पान कुठी होतं?"

यावर काही बोलता आलं नाही. तिने साठ वर्षं ते पान पाहिलं आहे आणि साठ वर्षं ते फूलही पाहिलं आहे. दोन्ही एकाच कंदाची आहेत हे तिला आज कळलं. मला पुस्तकातून ते आधीच कळलं होतं, पण फूल मी अजून पाहिलेलं नाही.

तिच्याकडून वर्णन लिहून घेतलं : एका दांड्यावर बरीच फुलं, अर्धवट उघडलेली, खाली झुकलेली, मधे पांढरं, त्यात जांभळ्या रेघा. वास? "नाक लावाले कोन वाकते?" मॅडमना वाचून दाखवलं. त्यांच्या मते वर्णन कॉन्कलरशी जुळतं, पण फोटो किंवा नमुना नसताना जात लिहायची नाही. नोंदवहीत लिहिलं : 'नर्व्हिलिया, जात निश्चित नाही. फूल पाहणारी : मोठीमाय.'

३ जुलै

एका ओळखीच्याने विचारलं, एखादा कंद पाठवतोस का, कुंडीत लावून बघतो. नाही म्हटलं. त्याला कायदा सांगितला नाही, बुरशी सांगितली. कुंडीतल्या मातीत ती नसेल तर कंद एखादं वर्ष स्वतःच्या साठ्यावर पान काढेल आणि संपेल. त्याला वाटलं मी टाळतोय.

धुऱ्यावरच्या मोहाला बांधलेल्या दोन रास्नांपैकी एक जगली. काकाजी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. स्वतः बांधल्यासारखं सांगतात.

१२ ऑगस्ट

वर्षाची मोजणी. आंब्याखाली १२ पानं, गेल्या वर्षी ११ होती. नाल्याच्या वळणावर ३९, गेल्या वर्षी ४३. पण त्या ३९ मधली ९ निळ्या पाइपच्या खुणांपासून दूर आहेत, दोन तर नाल्याच्या पलीकडच्या काठावर. ती डुकरांनी भिरकावलेल्या कंदांची, की धाग्यांवर धरलेल्या नव्या कंदांची, की आधीपासून होती आणि मीच पाहिली नव्हती, हे यंदाच्या मोजणीवरून सांगता येत नाही. पलीकडच्या काठालाही पाइपचे तुकडे लावले.

पुढच्या जूनची पाळी आजच ठरवून टाकली, कारण जूनमध्ये ठरवायला कोणी सापडत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर सहाव्या दिवसापासून रोज एक माणूस. सोमवार-मंगळवार मी. बुधवार वनरक्षक. शनिवारी शाळेतली सातवी-आठवीची पोरं. उरलेले तीन दिवस सात्यावाल्या बाया, कारण त्या तशाही जाणारच.

मोठीमायला नातवाने मोबाइलवर फोटो कसा काढायचा ते शिकवलं. पहिला फोटो तिने स्वतःच्या पायाचा काढला, दुसरा कोंबडीचा, तो चांगला आला. जाताना म्हणाली, तेवढ्या दिवसांत लाइट राहत नाही, तर बॅटरीचं पाहून ठेव.

पॉवर बँक आणायची आहे.